सॉफ्टवेअर मारण्यापासून बॅटरी मोजण्यापर्यंत : आमची वाटचाल

भुसावळला स्टेशनाजवळ आम्ही दोघा भावांनी दुकान टाकलं तेव्हा काउंटरवर रिचार्जची कूपनं आणि काचेखाली नोकियाची कव्हरं, एवढाच माल होता. दुरुस्ती म्हणजे कीपॅड बदलणं, स्पीकर बदलणं, पाण्यात पडलेला बोर्ड धुऊन वाळवणं. ते फोन चालायचे नाहीतर बंद पडायचे. ‘फोन हळू झाला’ अशी तक्रार घेऊन कोणी येत नसे, कारण बहुतेकांचं सॉफ्टवेअर कारखान्यातून आलं तसंच शेवटपर्यंत राहायचं.

अँड्रॉइड आलं आणि गावात नवा धंदा सुरू झाला : ‘सॉफ्टवेअर मारून द्या.’ म्हणजे फोन फ्लॅश करणं, आतलं सॉफ्टवेअर पुसून पुन्हा टाकणं. एक जुना कॉम्प्युटर, फ्लॅशिंगचा बॉक्स, केबलींचा गुंता, आणि संध्याकाळी कामावरून सुटलेल्या रेल्वेवाल्यांची गर्दी. दुकानाचं नाव झालं ते यावरच. फ्लॅश केलेला फोन पंधरा दिवस नव्यासारखा पळतो, यात जादू काही नाही. आतलं सगळं पुसलं जातं, स्टोरेज रिकामं होतं, म्हणून तो पळतो. पुन्हा फोटो, व्हिडिओ आणि सकाळच्या फुलांचे मेसेज साठले की पुन्हा तेच. स्वस्त फोनमधली मेमरी काठोकाठ भरली की नवं लिहिण्याआधी तिला जुनं हलवावं आणि पुसावं लागतं, आणि त्यात फोन अडकतो.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. त्याला फोरजीच लागायचं, त्यामुळे रावेर, यावल, सावद्याकडची मंडळीसुद्धा कीपॅडवरून थेट स्मार्टफोनवर आली. केळीचा भाव व्हॉट्सअ‍ॅपवर, मुलीचा निकाल मोबाइलवर. एक-दोन जीबी रॅमचे ते फोन दोन वर्षांत आमच्या टेबलावर यायला लागले आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य : “अपडेट मारलं अन् फोन हँग होऊ राह्यला भो.”

याच सुमारास, डिसेंबर २०१७ मध्ये, अ‍ॅपलने एक गोष्ट कबूल केली आणि आमच्या कामाची दिशा बदलली. त्याच वर्षीच्या जानेवारीत आलेल्या आयओएस १०.२.१ (आयओएस म्हणजे आयफोनची सिस्टीम) पासून आयफोन ६, ६एस, एसई अशा फोनमध्ये बॅटरी थकली असेल तर सॉफ्टवेअर प्रोसेसरचा वेग दाबत होतं. कारण तांत्रिक होतं आणि खरंही होतं. बॅटरी जुनी झाली की तिचा आतला रोध वाढतो. प्रोसेसरने एकदम जोर मागितला की व्होल्टेज कोसळतं आणि तीस टक्के चार्ज दिसत असतानाच फोन बंद पडतो. तो पडू नये म्हणून वेगाला लगाम घातला. लोक चिडले ते न सांगता घातला म्हणून. पुढे बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ वर आला, आयओएस ११.३ मध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारं पान आलं, आणि फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरोचा दंड केला.

आम्हाला त्यातून कळलं ते एवढंच : ग्राहक ज्याला अपडेटचा दोष म्हणतो त्यात बॅटरीची झीज असू शकते, आणि तीन हजारांचं काम सांगण्याआधी ती मोजून बघावी. तेव्हापासून ‘स्लो आहे’ म्हणून आलेला फोन आधी मीटरला लागतो. मग स्टोरेज किती भरलंय ते बघतो. सॉफ्टवेअरला हात सगळ्यात शेवटी. अपडेट कालच झालं असेल तर दोन दिवस थांबायला सांगतो, कारण नव्या सिस्टीमसाठी अ‍ॅप पुन्हा जुळवण्याचं काम आत चालू असतं, फोन तापतो आणि नंतर आपोआप सावरतो. गिऱ्हाईक परत पाठवलं म्हणून भाऊ सुरुवातीला कुरकुरायचा. तेच गिऱ्हाईक पुढे शेजाऱ्याला घेऊन आलं, तेव्हा थांबला.

अपडेट नेहमी निर्दोष असतं असं मात्र आम्ही म्हणत नाही. इटलीने २०१८ मध्ये सॅमसंगलाही ५० लाख युरोचा दंड केला होता. गॅलक्सी नोट ४ या फोनला न पेलणारं नवं अँड्रॉइड त्यात टाकायला लावलं, हा ठपका. आमच्याकडेही अपडेटच्या दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर हिरवी रेघ उभी राहिलेले फोन येतात. अशा वेळी वादात न पडता डिस्प्लेचा खर्च सांगतो, आणि वॉरंटी शिल्लक असेल तर आधी कंपनीच्या सेंटरला पाठवतो.

आमच्या भागाचा स्वतःचा एक आजार आहे, ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे. फोन गाडीच्या डिकीत, बांधावर, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर. ३५ अंशांच्या वरच्या हवेत बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते, असं अ‍ॅपल स्वतः सांगते. आमच्याकडे मार्च ते जून रोजची दुपार त्या रेषेच्या पलीकडची. त्यात रात्रभर चार्जिंगला लावलेला, उशीखाली ठेवलेला फोन. फुगलेल्या बॅटरीने मागचं झाकण उचललेले फोन उन्हाळ्यात इतके येतात की त्या ठेवायला वाळूचा पत्र्याचा डबा केलाय.

२०२० च्या लॉकडाऊननंतर दुकान उघडलं तेव्हा कपाटातले सगळे जुने फोन बाहेर निघाले होते, पोरांच्या ऑनलाइन शाळेसाठी. “दादा, कसाही चालू करून द्या,” म्हणणाऱ्या आया. बॅटरी बदलून, जागा मोकळी करून बरेच फोन चालले. जे चालले नाहीत त्यांचं हार्डवेअर धड होतं, पण अँड्रॉइड इतकं जुनं की शाळेचं अ‍ॅपच बसेना. तिथे बोर्डावरचे भाग काढायची-बसवायची हॉट गन काय कामाची? व्हॉट्सअ‍ॅपने ऑक्टोबर २०२३ पासून अँड्रॉइड ५ च्या खालचे फोन सोडले, तेव्हाही धडधाकट फोन असेच बाजूला पडले. सुरक्षेचे अपडेट थांबलेल्या फोनवर बँकेचं अ‍ॅप ठेवू नका, हे प्रत्येक आप्पांना सांगतो. ऐकतातच असं नाही.

जुनं व्हर्जन परत टाकून द्या, असं म्हणणारेही येतात. ते काम आम्ही घेत नाही. बऱ्याच फोनमध्ये मागे जाण्याला आतूनच कुलूप असतं, आणि जबरदस्ती केली तर फोन डेड.

आता गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने एस२४ पासून सात वर्षं अपडेट द्यायचं जाहीर केलंय. सॉफ्टवेअर सात वर्षं टिकलं तरी भुसावळच्या उन्हात एक बॅटरी तेवढी टिकत नाही, म्हणजे तो फोन मधे एकदा-दोनदा आमच्यासारख्याच्या टेबलावर येणारच. त्यासाठी बॅटऱ्या भरून ठेवायचं मनात होतं, पण कपाटात नुसती पडलेली बॅटरीही झिजते. म्हणून मॉडेल बघून मागवतो. दोन-तीन दिवस लागतात, तोवर फोन तुमच्याकडेच ठेवा. बॅकअप घेऊन आणलात तर बरं, आणि मे महिन्यात शक्यतो सकाळी या.