माची नसलेले डोंगर: ग्रँड टीटन

सह्याद्रीत डोंगर चढायचा म्हणजे आधी गावामागची टेकडी, मग सोंड, मग माची आणि मग कुठे कातळकडा. अमेरिकेत वायोमिंगमधल्या ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यानात यातलं काहीच नाही. रानगवताचा सपाट माळ जिथे संपतो तिथूनच डोंगर उभा राहतो. सर्वांत उंच शिखर 13,775 फुटांचं, म्हणजे समोरच्या खोऱ्यापासून जवळजवळ 7,000 फूट वर. पहिल्यांदा पाहताना मान कुठे थांबवायची तेच कळेना.

कारण जमिनीखाली आहे. डोंगररांगेच्या पायाशी उत्तर-दक्षिण अशी मोठी भेग आहे. तिच्या पश्चिमेचा भाग वर उचलला गेला आणि पूर्वेचं खोरं खचत गेलं. हे घडलं गेल्या कोटभर वर्षांत. खडक मात्र 270 कोटी वर्षांपर्यंत जुने! आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटींच्या आसपासचा. एवढा म्हातारा दगड आणि एवढा तरुण डोंगर मी एकत्र कधी पाहिला नव्हता.

सप्टेंबरच्या सुरुवातीला ताई आणि मी गेलो. पहिली सकाळ जेनी लेकची. होडीने पलीकडे उतरून हिडन फॉल्स धबधबा, तिथून इन्स्पिरेशन पॉइंटची खडी चढण, आणि पुढे कॅस्केड कॅन्यन. बहुतेक लोक पॉइंटवरून मागे फिरतात, पण खरी मजा त्याच्या पुढेच आहे. हिमनदीने कोरलेली रुंद घळ, दोन्ही बाजूंना सरळसोट भिंती आणि मधून खळाळणारा ओढा. वाट जवळजवळ सपाट. अस्वलांचा मुलूख असल्यामुळे त्यांना दूर ठेवणारा तिखट फवारा (बेअर स्प्रे) हाताशी ठेवायचा आणि वळणावळणावर आवाज करत जायचं, म्हणजे अस्वल अचानक समोर येत नाही. ताईने सरळ ‘पुंडलिक वरदे’ सुरू केलं. समोरून येणारं एक आजी-आजोबांचं जोडपं हसून टाळ्या वाजवू लागलं. अस्वल दिसलं नाही. पाणथळीत चरणारी मूसची (एक भलंमोठं हरीण) मादी आणि तिचं पिल्लू मात्र दिसलं. 25 यार्डांचं अंतर राखायचा नियम आहे (अस्वल आणि लांडग्यासाठी 100), तो पाळून आम्ही बराच वेळ उभे राहिलो.

या उद्यानाचा इतिहास मला फार महत्त्वाचा वाटतो. 1929 साली ते झालं तेव्हा त्यात फक्त डोंगर आणि पायथ्याची तळी होती. समोरचं खोरं बाहेरच राहिलं होतं. ते उद्यानात यावं म्हणून गर्भश्रीमंत जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांनी स्वतःचं नाव पुढे न करता एका कंपनीमार्फत तिथल्या जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली. नाव फुटल्यावर पशुपालकांचा मोठा विरोध झाला, आणि खोरं उद्यानात यायला 1950 उजाडलं. त्या पशुपालकांचा राग मला समजतो. तरीही, त्या माळावर आज बंगले आणि पाट्या असत्या तर हे डोंगर असे दिसलेच नसते. आपल्याकडे गडाचा माथा जपतो आणि पायथा विकून टाकतो, हे तिथे उभं असताना सारखं टोचत होतं.

दुसऱ्या दिवशी भाड्याची कयाक (वल्ह्याची छोटी, निमुळती होडी) गाडीच्या टपावर बांधून स्ट्रिंग लेकला गेलो. हे तळं लांबट आणि उथळ, तळाचा गोटा न् गोटा दिसतो. त्याच्या टोकाला कयाक पाण्याबाहेर काढून थोडं अंतर उचलून न्यावी लागते, की ली लेक सुरू होतं. इथे गर्दी एकदम ओसरते. समोर माउंट मोरन, आणि त्याच्या छातीवर उभा काळा पट्टा: भेगेत शिरून थिजलेला शिलारस, आपल्या बेसाल्टचाच भाऊबंद. शिखराच्या अगदी टोकावर वालुकाश्माचा एक छोटा तुकडा उरला आहे. त्याच थराचा दुसरा भाग खोऱ्याखाली हजारो फूट खोल गाडला गेलाय. डोंगर किती वर गेला आणि खोरं किती खाली, याचा याहून ठळक पुरावा कुठला?

दुपारी इथे वारा उठतो, कधी वादळही येतं, आणि पाणी बर्फासारखं गार असतं. लाइफ जॅकेट घालून सकाळी लवकर पाण्यात उतरावं. हातात एकच दिवस असेल तर जेनी लेक सोडून मी तो ली लेकला देईन.