तुम्ही विचारलंत म्हणून: राजवाडा बघायला जंगलातून का जायचं?

"राजवाडा बघायला आलो आणि तू आम्हाला जंगलातून का चालवतेस?"

पॅरिसच्या दक्षिणेला राहायला येऊन मला अकरा वर्षं झाली. या काळात घरी आलेल्या जवळजवळ प्रत्येक पाहुण्याने फाँतेनब्लोच्या राजवाड्याबद्दल हा प्रश्न विचारलाय. आत्याने धापा टाकत विचारला, मामेभावाने घड्याळाकडे बघत. परवा एका मैत्रिणीने तर विमानाचं तिकीट काढायच्या आधीच फोनवर विचारला. "फाँतेनब्लोला स्टेशनवरून बस थेट राजवाड्यापर्यंत जाते म्हणे, मग चार तास पायपीट कशासाठी?" बस जाते, हे खरंच आहे, आणि पाव तासात पोचवते. फोनवर तिला मला धड सांगता आलं नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते.

पहिलं कारण अगदी साधं आहे. तिथे जंगल आधी होतं, राजवाडा नंतर आला. बाराव्या शतकापासून फ्रान्सचे राजे इथे यायचे ते शिकारीसाठी. हरणं होती, रानडुकरं होती आणि पॅरिस घोड्यावरून गाठता येईल इतक्या अंतरावर होतं. १५२८पासून पहिल्या फ्रान्स्वाने जुन्या गढीच्या जागी नवा वाडा उठवायला घेतला, इटलीहून चित्रकार आणले. पुढच्या प्रत्येक राजाने आपापली भर घातली आणि दालनांची संख्या दीड हजारावर गेली. पण या सगळ्यांना इथे खेचून आणलं ते बाहेरच्या झाडांनी. बसने उतरून थेट आत गेलात तर तिसऱ्या-चौथ्या दालनानंतर सोन्याचा मुलामा नुसता मुलामा वाटायला लागतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझं तसंच झालं होतं. आत एक लांबलचक दालन आहे, हरणांचं. भिंतींवर शिंगांच्या हरणांची मुंडकी आणि चौथ्या हेन्रीच्या काळात रंगवलेली राजाच्या वाड्यांची आणि जंगलांची मोठमोठी चित्रं, घारीच्या नजरेने काढल्यासारखी. जंगल पायाखालून घालून मग त्या भिंतीपुढे उभं राहिलं की ते चित्र ओळखीच्या गावासारखं वाचता येतं. माझा आग्रह आहे तो एवढ्यासाठी.

आता जंगलाबद्दल. नुसतं सरकारी फाँतेनब्लो जंगलच सुमारे १७ हजार हेक्टरचं आहे. नकाशा उघडलात की आधी दिसतात त्या सरळ रेषा. पट्टी ठेवून ओढल्यासारखे रस्ते, आणि सहा-आठ रस्ते एका बिंदूत मिळतात असे चांदणीसारखे नाके. हे शिकारीचे रस्ते. घोडे भरधाव सुटावेत, नाक्यावर उभं राहिल्यावर हरीण कोणत्या रस्त्याने पार झालं ते लांबून दिसावं, म्हणून ते तसे सरळ. चालणाऱ्या माणसाचा विचार त्यात कुठेच नव्हता.

याचा अनुभव मी माझ्या दुसऱ्याच हिवाळ्यात घेतला. नोव्हेंबर होता, साडेचारलाच उजेड विझायला आला होता. वेळ वाचेल म्हणून मी वळणाची पायवाट सोडून सरळ रस्ता धरला. अर्ध्या तासाने अशा एका चांदणीवर आले. आठ रस्ते, आठही सरळ, आठांच्याही टोकाला तोच करडा अंधार. एक धरला, दहा मिनिटांनी परत फिरले, दुसरा धरला. आमच्या जुन्नरकडे याला चकवा लागला म्हणतात. इथल्या लोकांचीही तशीच एक गोष्ट आहे, काळ्या शिकाऱ्याची. तो आपल्या कुत्र्यांसह या जंगलात फिरतो आणि खुद्द चौथ्या हेन्रीला त्याच्या शिंगाचा आवाज ऐकू आला होता, असं सांगतात. त्या संध्याकाळी मला ती गोष्ट अजिबात परकी वाटली नाही. शेवटी मोबाईलच्या उजेडात एका खडकावर निळ्या रंगाची वीतभर रेघ दिसली. तिच्यापुढे दुसरी, मग तिसरी. त्या रेघांनी मला गावापर्यंत आणून सोडलं.

ती निळी रेघ कोणाची, हे त्यानंतर शोधलं. तेव्हापासून मी पाहुण्यांना त्या रेघांवरूनच नेते. हे दुसरं कारण, आणि माझ्यापुरतं हेच खरं.

क्लोद फ्रान्स्वा देनकूर हा नेपोलियनच्या फौजेतला शिपाई. जन्म १७८८चा. घरची गरिबी होती आणि लढाईत तो जखमीही झालेला. १८३२मध्ये तो फाँतेनब्लोला आला तो इथल्या सैनिकी बराकींचा दरवान म्हणून. त्याची राजकीय मतं सरकारला रुचली नाहीत आणि ती नोकरी गेली. चाळिशी ओलांडलेला, नोकरी नसलेला माणूस. जंगलात फिरायला लागला आणि मग फिरतच राहिला. १८३९मध्ये त्याने चालणाऱ्यांसाठी वाटांची माहिती देणारं पहिलं पुस्तक काढलं. पण नुसतं वाचून लोक वाट चुकणारच. म्हणून १८४२पासून त्याने झाडांवर आणि खडकांवर निळ्या खुणा रंगवायला घेतल्या. सुरुवातीला गुपचूप, वनखात्याला न विचारता. कुठे कपारीतून जायला जागा केली, कुठे दगडाच्या पायऱ्या बसवल्या, कुठे गुहा मोकळी केली. पैसा बराचसा पदरचा. सुमारे दीडशे किलोमीटरच्या वाटा त्याने अशा तयार केल्या. फक्त चालण्याच्या आनंदासाठी खुणा करून ठेवलेल्या वाटा जगात बहुधा इथेच पहिल्यांदा झाल्या, असं मानलं जातं.

आणि त्याच्या वाटा बघा कशा आहेत! एकही सरळ नाही. शंभर पावलांवर दिसणाऱ्या खडकाकडे न्यायला ती तुम्हाला तीनशे पावलं फिरवते. मधे एका वाकड्या ओकच्या पोटाखालून नेते, दोन शिळांमधल्या फटीतून आडवं व्हायला लावते आणि मग एकदम उघड्या माथ्यावर आणून सोडते. त्याने झाडांना, खडकांना, गुहांना नावं दिली. जिथे थांबून बघावं असं त्याला वाटलं तिथे निळं अक्षर किंवा चांदणी रंगवलेली असते. राजाचा रस्ता तुम्हाला लवकर पोचवतो. हा माणूस म्हणतो, थांब, आधी हे बघ.

१८४९मध्ये पॅरिसहून रेल्वे आली आणि रविवारी कारागीर, दुकानदार, शिवणकाम करणाऱ्या बायका डब्यांतून उतरायला लागल्या. शतकानुशतकं जे रान राजाच्या शिकारीचं, त्यात आता दिवसभराची सुट्टी मिळालेला माणूस एका पुस्तिकेच्या आणि निळ्या रंगाच्या आधारे निर्धास्त फिरू लागला. देनकूरने एका टेकाडावर बघायला मनोरा बांधला आणि आपल्या जुन्या सेनापतीच्या आठवणीने त्याला सम्राटाचा किल्ला असं नाव दिलं. १८५३मध्ये त्या सेनापतीचा पुतण्या आणि तेव्हाचा सम्राट, तिसरा नेपोलियन, त्याच्या उद्घाटनाला आला. नोकरीवरून काढलेल्या दरवानाने बांधलेला मनोरा बघायला खुद्द सम्राट आला! हे मी प्रत्येक पाहुण्याला त्या मनोऱ्याच्या पायऱ्यांवर उभं करून सांगते. आज त्या मनोऱ्याला देनकूरचंच नाव आहे. देनकूर १८७५मध्ये वारला. पुढचं काम कोलिने नावाच्या माणसाने हाती घेतलं, आणि १९०७पासून जंगलप्रेमींची एक संस्था या वाटांची निगा राखते. वयस्क माणसं रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन पुसट झालेल्या रेघा पुन्हा ओढताना मला दोनदा भेटली आहेत. सह्याद्रीत कातळावर बाण रंगवणारी आपली गिर्यारोहक मंडळी आठवली. पावसाळ्यानंतर पुन्हा जाऊन बाण ठळक करणारे माझ्या ओळखीचे दोघेतिघे आहेत, त्यांची फारच आठवण आली.

चित्रकारांबद्दल थोडंसं. जंगलाच्या पश्चिम कडेला बार्बिझाँ नावाचं खेडं आहे. तिथे थिओडोर रूसो, मिले वगैरे चित्रकार येऊन राहिले. जुने ओक तोडून पाइनची लागवड व्हायला लागली तेव्हा या मंडळींनी आवाज उठवला. १८६१मध्ये जवळपास ११०० हेक्टर जंगल केवळ त्याच्या सौंदर्यासाठी राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. अमेरिकेतलं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान व्हायच्या अकरा वर्षं आधी. (देनकूर आणि चित्रकार यांचं एकमेकांशी फारसं पटत नसे. त्यांना शांतता हवी होती आणि हा माणूस तर गाड्या भरभरून माणसं आणत होता. मला दोघांचंही म्हणणं कळतं.)

"पण सह्याद्री बघितलेल्या माणसाला यात काय?" हाही प्रश्न येतोच. उंचीचं म्हणाल तर दीडशे मीटरही नाही. पण दगड वेगळा आहे. आपला कातळ काळा, आडव्या थरांचा, सरळसोट उभा. इथला वालुकाश्म फिकट राखाडी, गोलसर, कासवाच्या पाठीसारख्या भेगांचा. सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. त्याची वाळू मागे राहिली, तिचा वरचा थर घट्ट होऊन दगड झाला आणि खालची वाळू निसटल्यावर तो तुटून शिळांचे ढिगारे उतरणीवर पसरले. म्हणून गर्द झाडीत चालता चालता पाय एकदम पांढऱ्याशुभ्र पुळणीत रुततो. पहिल्यांदा मी तिथेच बसकण मारली होती. समुद्र कितीतरी दूर, आणि हातात गुहागरच्या वाळूपेक्षा मऊ वाळू. याच दगडाचे चिरे पॅरिसच्या रस्त्यांवर बसवलेले आहेत. जुन्या खाणींचे खड्डे वाटेत दिसतात. शिळांवर रंगीत बाण दिसले तर ते चढाईवाल्यांचे, आपल्या वाटेचे नव्हेत. दोर न लावता या खडकांवर चढायला जगभरातून पोरं येतात, पाठीला गादी बांधून.

आईला मी गेल्या वर्षीच्या आधीच्या ऑक्टोबरमध्ये नेलं. ती अडुसष्ट वर्षांची, गुडघे दुखतात, जुन्नरला शाळेत शिक्षिका होती. प्रश्न तिनेही विचारला होता, घरातून निघतानाच. शनिवार-रविवारी सकाळी पॅरिसहून येणाऱ्या काही गाड्या जंगलातल्याच एका थांब्यावर थांबतात, खास चालणाऱ्यांसाठी. तिथून परतीची गाडी मिळत नाही; उतरायचं आणि चालत गावाकडे यायचं. तिथे उतरून आम्ही मनोऱ्यापर्यंत गेलो, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि मों उसी टेकडीच्या खडकांमधून हळूहळू राजवाड्याकडे निघालो. अरुंद फटीत आई दोन्ही हात दगडाला लावून उभी राहिली. म्हणाली, "नाणेघाटाच्या नाळेत असंच गार वाटतं." पुढे वाट फुटली तिथे मी नकाशा काढेपर्यंत तिने निळी रेघ हेरली होती. त्यानंतर दिवसभर तीच पुढे. प्रत्येक रेघेवरून हात फिरवायची. तिने शाळेत वर्षानुवर्षं पहिलीच्या मुलांची बोटं धरून अक्षरं गिरवून घेतली आहेत, तसाच तो हात होता.

राजवाड्यापुढच्या मोठ्या अंगणात पोचायला आम्हाला तीन वाजले. समोर तो घोड्याच्या नालाच्या आकाराचा दुहेरी जिना. २० एप्रिल १८१४ रोजी याच अंगणात नेपोलियनने आपल्या जुन्या पलटणीचा निरोप घेतला आणि तो एल्बा बेटाकडे निघाला. मी आईला ते सगळं सांगत होते. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो आपला दरवान होता का रे तेव्हा इथे?" तिच्या तोंडी लाडाने नेहमीच 'रे' येतं. तेव्हा नव्हता, अठरा वर्षांनी आला, म्हटलं. मग ती जिन्याकडे बघत एका दगडी कठड्यावर बसली, बूट काढले आणि पांढरी वाळू हळूच अंगणात झटकली.

तेव्हा मैत्रिणी, मंगळवार सोडून ये, त्या दिवशी राजवाडा बंद असतो. शनिवार सगळ्यात बरा. दोन लिटर पाणी घे. जमीन वाळूची असल्याने एवढ्या मोठ्या जंगलात ओढा म्हणून नाही, आणि पाणवठे म्हणजे डबकीच. पूर्ण बाह्या, लांब पँट आणि घरी गेल्यावर अंग नीट तपासायचं, कारण गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून होणारा आजार वाईट असतो. ऑक्टोबरपासून शिकारीचे दिवस सुरू होतात. त्या दिवसांत कुठे जायचं नाही याच्या पाट्या लागतात, त्या मी आधी बघून ठेवीन. जुने बूट घाल. सकाळी पॅरिसच्या गार द लिआँ स्टेशनच्या घड्याळाखाली भेटू. दशम्या मी करून आणते.