तालमीच्या यादीत कोण असतं?

आमच्या ज्युडो क्लबची मी खजिनदार आहे. ज्युडोतला एकही डाव मला येत नाही.

हे वाक्य कोल्हापुरात सांगितलं की लोक हसतात. श्टुटगार्टपासून लोकल ट्रेनने अर्ध्या तासावर आमचं गाव. नवरा शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतून शिकून इथल्या सुट्या भागांच्या कारखान्यात आलेला. मुलगा ज्युडोला जायला लागला, त्याला सोडायला-आणायला मी. मग एका वार्षिक सभेत जुने खजिनदार म्हणाले, माझे गुडघे आणि डोळे दोन्ही गेले, आता दुसरं कुणीतरी बघा. सगळी मंडळी आपापल्या बिअरच्या ग्लासात बघायला लागली. आपल्याकडे मंडळाच्या अध्यक्षाच्या वाढदिवसाच्या डिजिटल बोर्डावर शुभेच्छुकांचे फोटो मावत नाहीत, आणि इथे पदासाठी माणूस मिळेना. मी बी.कॉम. आहे हे कुणालातरी आठवलं, आणि हात वर झाले.

जर्मनीत अशा क्लबला 'फेराइन' म्हणतात. देशभरात खेळाचे असे सुमारे ८६ हजार फेराइन आहेत आणि त्यांची सभासदसंख्या पावणेतीन कोटींच्या वर जाते. (दोन क्लबांत असलेला माणूस दोनदा मोजला जातो, हे इथले लोक सांगायचं विसरतात.) क्लब काढायला सात माणसं लागतात, घटना लिहावी लागते, आणि कोर्टातल्या नोंदवहीत नाव चढवावं लागतं. त्याचा कायदा १९०० सालापासूनचा. आपल्याकडेही १८६०च्या सोसायटी कायद्याने सातच माणसं लागतात, तेव्हा इथवर जर्मनांनी काही वेगळं केलेलं नाही. वेगळं पुढे आहे. सभासद तीनच्या खाली गेले तर क्लबचं कायदेशीर अस्तित्वच काढून घेतलं जातं. घटनेत वेगळं काही नसेल तर दहा टक्के सभासदांनी लेखी मागणी केली की सभा बोलवावीच लागते, अध्यक्षांच्या मनात असो वा नसो. आणि सभासद म्हणजे कोण, तर ज्याचं नाव यादीत आहे तो. तो कुठल्या गल्लीत राहतो, कुणाचा नातू, त्याला डाव येतात का, हे कुणी विचारत नाही.

ती यादी माझ्याकडे असते. तिच्यात मॅटवर कधीच न येणारे बरेच लोक आहेत. एक आजोबा आहेत, ब्लॅक बेल्ट, कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासून फक्त नाताळच्या पार्टीला येतात. एक बाई आहेत, त्यांचा मुलगा कधीच मोठा होऊन बर्लिनला गेला, त्या अजून वर्गणी भरतात. आणि मी. आम्हाला 'निष्क्रिय सभासद' म्हणतात, ऐकायला वाईट वाटतं, पण आमची वर्गणी थोडी कमी असते आणि मत पूर्ण असतं. माझ्या हिशेबाने क्लब आमच्यावर चालतो. खेळणारे येतात नि जातात. दहा-बारा वर्षांची मुलं एका उन्हाळ्यात फुटबॉलला पळतात, अठराची झाली की शिकायला गाव सोडतात. न खेळणारा मात्र सोडून जात नाही, कारण त्याच्याकडे सोडायला काही कारणच नसतं.

पैशाचं सांगते, कारण कोल्हापुरातल्या माझ्या दादाला त्याच्या तालमीत अशी यादी करायचीय, आणि त्याने सगळ्यात जास्त तेच विचारलं. प्रत्येक सभासद फॉर्म भरताना बँकेतून वर्गणी वळती करायची परवानगी देतो. वर्षातून ठरलेल्या तारखांना मी एक फाइल बँकेला पाठवते आणि पैसे येतात. ज्यांच्या खात्यात नसतात त्यांचे परत जातात, वर बँक आम्हालाच दंड लावते. मग फोन. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाचा घटस्फोट झालेला असतो, नवीन खातं कळवायचं राहिलेलं असतं. खजिनदाराला गावातलं जे कळतं ते पाद्र्यालाही कळत नसेल. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांसाठी सरकार महिन्याला १५ युरो देतं, क्लबची वर्गणी त्यातून भागते, पण अर्ज करायला लोक लाजतात. तो फॉर्म मी आता नव्या सभासदाच्या कागदांमध्ये सगळ्यांनाच देते, श्रीमंत असो की गरीब. लाजायचा प्रश्न राहत नाही.

दर १ जानेवारीची सभासदसंख्या जन्मसालानुसार राज्याच्या क्रीडा महासंघाला कळवावी लागते. त्यावर महासंघाला द्यायचे पैसे ठरतात आणि विमाही त्याच्याशीच बांधलेला. त्यामुळे डिसेंबर हा माझा सगळ्यात वाईट महिना. सभासदत्व सोडायचं तर आमच्या घटनेप्रमाणे सप्टेंबरअखेर लेखी कळवायचं, नाहीतर पुढच्या वर्षाचे पैसे कापले जातात. लोक विसरतात, आणि जानेवारीत मला संतापाची पत्रं येतात. हा नियम मला आवडत नाही. कायद्याने तर दोन वर्षांपर्यंतची मुदत घालता येते, म्हणजे आमचा नियम सौम्यच म्हणायचा. तरी ज्याला जायचंय त्याला धरून ठेवून काय मिळतं? पुढच्या सभेत मी हा विषय काढणार आहे, आणि हरणार आहे. म्हातारे सभासद म्हणतील, नियम तो नियम.

मुलं टिकवायचं खरं काम पट्टे करतात. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोतल्या एका देवळात, बारा चटयांच्या जागेत ज्युडो सुरू केला, आणि रंगीत पट्ट्यांची शिडी युरोपात फोफावली. जर्मनीत तर अर्धे रंगही आहेत: पांढरा-पिवळा, पिवळा, पिवळा-नारिंगी, नारिंगी, नारिंगी-हिरवा, मग हिरवा, निळा, तपकिरी. काळ्याआधी आठ परीक्षा. दर परीक्षेआधी दोन महिने एकही मूल गैरहजर राहत नाही, हे मी हजेरीवर बघितलंय. आपल्या पैलवानाला असला काही आधार नाही. त्याला मैदानात जोड लागली, कुस्ती झाली, हलगी वाजली, की काय ते कळलं. चितपट झाला तर घरी यायचं आणि सकाळी पुन्हा जोर-बैठका. मी तराजू लावत बसत नाही, पण आठ वर्षांच्या पोराला पट्टा बरा.

हॉल नगरपालिकेचा. मॅट आमच्या, दोन मीटर बाय एक मीटर, चार सेंटिमीटर जाड. सरावाआधी मुलांनीच त्या अंथरायच्या आणि नंतर गाड्यावर रचायच्या. रात्री दहाला हॉलचा राखणदार किल्ल्या वाजवत येतो आणि दिवे जातात. प्रशिक्षकाला मिळणारं मानधन हौसेपुरतं असतं. २०२१ साली वर्षाला ३,००० युरोपर्यंतचं असं मानधन करमुक्त झालं, पण आमच्याकडे तेवढं कुणाला मिळत नाही. मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येकाकडून पोलिसी नोंदींचा दाखला मागवून बघावा लागतो, सेवाभावी माणसाला तो फुकट मिळतो. पहिल्यांदा मागितला तेव्हा एक जुने प्रशिक्षक चिडले होते. आता स्वतःच आठवण करून देतात.

आता आपल्याकडचं.

माझे वडील तालमीतले. नाव नाही सांगत, कोल्हापुरात तालमीचं नाव काढलं की पेठ, फुटबॉलची टीम आणि भांडणं सगळंच येतं. मी त्या तालमीत पाय टाकलेला नाही. दारापर्यंत गेले आहे, आईने पाठवलेलं दूध घेऊन. आतून तांबड्या मातीचा वास यायचा, त्यातल्या तेलाचा, हळदीचा, ताकाचा. दादा आत, मी बाहेर. बदाम आई वाटायची, थंडाई आई करायची, लंगोट आई धुवायची, गणपतीची वर्गणी आई द्यायची, आणि दादाच्या खुराकासाठी तिने पाटली मोडली तेही मला माहीत आहे. तालीम आपली असं ती कायम म्हणायची. पण तालमीत कधी यादी केली असती, तर तिचं नाव आलं नसतं.

तशी यादी नाहीच. फुटबॉल सोडला तर. खेळाडूंची नावं कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे नोंदवावी लागतात, आणि कोण पाटाकडील तालमीकडून, कोण दिलबहारकडून, कोण खंडोबाकडून, याची चर्चा हंगाम सुरू व्हायच्या आधीपासून कट्ट्यावर रंगते. बाकी तालमीचा माणूस म्हणजे तालमीचा माणूस. तो लिहावा लागत नाही आणि खोडताही येत नाही.

गेल्या सुट्टीत दादाने मला वस्तादांकडे नेलं. तालमीची इमारत दुरुस्तीला आलीय, पावसात गळते, आणि एका देणगीदाराने हिशेब आणि सभासदांची नोंदवही मागितली होती. "ही जर्मनीत हेच करती," दादाने ओळख करून दिली.

वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे महिन्याला पैसं घेऊन डाव शिकवायचं? मग आपल्यात आन् शिकवणीत फरक काय ऱ्हायला?"

"फी दिली म्हणून डाव शिकवत नाहीत, वस्ताद. फी दिली म्हणून माणसाला हिशेब विचारता येतो."

"कोण विचारतंय हिशोब? आणा की त्याला हिकडं."

दादाची भीती वेगळी होती. "आगं, यादी केली की मतं आली. मतं आली की निवडणूक. आन् निवडणूक लागली की तालीम फुटली म्हणून समज." यावर मला उत्तर सुचलं नाही. पेठेतली मंडळं कशी फुटतात ते दोघांनीही बघितलंय.

पण मी एक गोष्ट सोडली नाही. खाशाबा जाधव १९४८ला लंडनला गेले तेव्हा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे ते सहावे आले. १९५२ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, बाकी लोकांनी वर्गणी काढली, आणि स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. वस्तादांना मी विचारलं, खर्डेकर सर मातीत उतरले होते का? वर्गणी देणाऱ्यातले किती जण पैलवान होते? कोल्हापूरची कुस्ती न खेळणाऱ्यांनीच जगवलीय, मग त्यांची नावं लिहायला काय हरकत?

वस्ताद म्हणाले, "बाय, त्येंची नावं आमच्या ध्यानात हाईत."

"माझ्या आईचं आहे?"

दादा छताकडे बघायला लागला. वस्ताद मात्र सरळ म्हणाले, "हाय. बदाम तिच्या हातचं हुतं, ते इसरंल व्हय कोण?" राग आला आणि गहिवरूनही आलं, दोन्ही एकदम, त्यामुळे मी गप्प बसले.

एक मात्र त्यांचं खरं आहे, आणि इथल्या लोकांना मी ते सांगत असते. आमच्या जर्मन क्लबात दहानंतर कुणी नसतं. तालमीत पहाटेपासून रात्रीपर्यंत कुणीतरी असतंच. कान मोडलेला जुना पैलवान बाकावर बसून पोरांच्या पायांकडे बघत असतो, गावाकडून आलेली पोरं तिथेच राहतात, जेवण शिजवतात. २०१९च्या आणि २०२१च्या महापुरात मदतीला धावलेली पेठेतली पोरं कुणी यादी काढून बोलावली नव्हती. आमच्या ब्लॅक बेल्ट आजोबांना बसायला असा बाक मिळाला असता तर ते नाताळची वाट बघत बसले नसते. मी समितीत दोनदा सुचवलं की सरावाच्या वेळी हॉलच्या दाराशी कॉफी आणि चार खुर्च्या ठेवू. ठराव झाला, खुर्च्या आल्या. पहिल्याच आठवड्यात राखणदाराने आग लागली तर वाट अडेल म्हणून उचलल्या. आता परवानगीचा अर्ज नगरपालिकेत आहे.

इकडे दादाने मागच्या आठवड्यात सभासद अर्जाचा नमुना व्हॉट्सअॅपवर पाठवला. वरती हनुमानाचं चित्र, खाली नाव, पेठ, रक्तगट, मोबाइल. 'वजन' असाही रकाना होता, तो मी फक्त खेळणाऱ्यांसाठी ठेवायला सांगितला. लहान मुलांसाठी पालकाची सही आणि अडीअडचणीचा दुसरा फोन नंबर घालायला लावला. मग 'खेळणारा / न खेळणारा' असा रकाना सुचवला. त्याने "खेळणारी" पण लिहू का म्हणून विचारलं. वडणग्याच्या रेश्मा मानेसारखी मुलगी आपल्या जिल्ह्यातून देशासाठी कुस्ती खेळून आली, आणि हा मला विचारतोय. लिही म्हटलं, ठळक अक्षरात.

वर्गणी किती ठेवायची यावर अजून एकमत नाही. दादा महिना शंभर म्हणतो, वस्ताद म्हणतात पन्नास, आणि पैलवानाकडनं एक रुपया नको, फक्त न खेळणाऱ्यांकडनं घ्या. आईने मात्र फॉर्म छापायची वाट न बघता वर्षाचे पैसे दादाकडे दिले आणि पावती मागितली. पावतीपुस्तक अजून छापलेलं नाही, म्हणून तो रोज टाळतोय, आणि ती रोज मला फोन करून सांगतेय.