तुंगनाथची वारी आणि मे महिन्यातला बर्फ

आम्ही देवगडकडचे, कुणकेश्वर आमचं दैवत, त्यामुळे महादेवाचं देऊळ म्हटलं की समुद्र आलाच. यंदा बाग कराराने दिलेली म्हणून ऐन आंब्याच्या सीझनला मोकळे होतो, नाहीतर मे महिन्यात देवगड सोडून कोण जातं! आत्याच्या मनात कधीपासून पंचकेदार, म्हणजे उत्तराखंडातली शंकराची पाच देवळं, होतं. त्यात तुंगनाथ सगळ्यात उंच, ३,६८० मीटर, पण पायथ्याच्या चोपत्याहून चढ साडेतीन-चार किलोमीटरचाच, म्हणून सुरुवात तिथून. देवळाची कपाटं, म्हणजे दारं, थंडीनंतर नुकतीच उघडली होती.

पहाटेच निघालो. वाट फरसबंदी, बाजूला बुरांश (तिकडचं ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला, आत्या नामस्मरण करत मस्त चालत होती, आणि मग वाट जिथे डोंगराच्या सावलीत वळते ना तिथे फरशा एकदम गायब, वरपासून दरीपर्यंत नुसता तिरका बर्फ. आत्या थांबलीच. "अगो बाय, ह्यो बर्फ असो मातकट कसो?" खरंच, वर धूळ, पालापाचोळा, खेचरांची लीद, काठी खुपसली तर आत पांढरा आणि दाणेदार. दिवसा वितळायचं, रात्री परत गोठायचं, असं होऊन होऊन तो तसा होतो. पहाटे कडक असतो म्हणून घसरायची भीती, पण पुढे गेलेल्यांनी पाडलेल्या पायऱ्या असतात, त्यातच पाय ठेवायचा, आणि भीतीने डोंगराकडे झुकायचं नाही, सरळ उभं राहायचं, झुकलं की पाय सटकतोच. चहावाल्या भाईंनी अजून एक सांगितलं, खालून पाण्याचा आवाज आला तर तिथे अजिबात पाय द्यायचा नाही, आतून पोकळ असतो.

देऊळ काळ्या दगडाचं, छोटंसं. इथे शंकराचे बाहू प्रकटले असं मानतात. आत्याने गावाहून डब्यात आणलेली बेलाची पानं काढली, पार काळपट पडलेली, तरी एकेक पुसून वाहिली. मला भरून आलं. पुढे वरच्या चंद्रशिला शिखरावर गेलो नाही, वरचा उतार पूर्ण बर्फात होता आणि ऊन चढलेलं, आत्याला घेऊन तिथे जाणं मला पटत नव्हतं. चौखंबा हे बर्फाचं शिखर देवळापासूनही छान दिसलं, त्यात भरून पावलो.

उतरताना तोच बर्फ भुसभुशीत, पाय गुडघ्यापर्यंत आत, अगदी कोरड्या पुळणीत, किनाऱ्यावरच्या वाळूत, चालल्यासारखं. आणि इथे आत्या आमच्या सगळ्यांच्या पुढे! जन्म पुळणीत गेलेला, टाच रोवायची, वजन टाचेवर, घाई नाही. मागून एक मुलगी घाबरत येत होती तिला पण ही मालवणीतच सांगतेय, "टाच रोव गो, टाच!" आणि त्या पोरीला कळलं पण, व्यवस्थित उतरली.

कोणी जाणार असाल तर पाणी न शिरणारे बूट, काठी आणि गॉगल नक्की घ्या, बर्फावरून ऊन डोळ्यात फार येतं. आत्या आता पंचकेदारातलंच रुद्रनाथ म्हणतेय. ती वाट सगर गावाहून वीसेक किलोमीटरची आहे, त्यामुळे आधी तिचे गुडघे डॉक्टरांना दाखवणार, मग तिकिटं.