पोंग्यात डोकावायला शिकले तो हंगाम

आमचं गाव सिल्लोड तालुक्यातलं. कापूस आणि मका ही इथली मुख्य पिकं. मक्यावर घर चालतं आणि दावणीची जनावरंही. 2019 च्या खरिपात आमचा तीन एकर मका होता. पाऊस उशिरा आला, म्हणून पेरणी जूनच्या अखेरीस झाली. पंधरवड्याने निंदायला गेले तर पानांवर पांढुरके चट्टे दिसले, कुणीतरी हिरवं सगळं खरवडून नुसता पापुद्रा ठेवल्यासारखे. अळी पडली होती.

आमच्या ह्यांनी त्याच दिवशी तालुक्याला जाऊन औषधाच्या दोन बाटल्या आणल्या. दुकानदाराने सांगितलं होतं, दोन्ही एकत्र करून मारा. भर दुपारी, तोंडाला नुसता रुमाल बांधून ह्यांनी तीन एकर फवारलं आणि संध्याकाळी डोकं धरून बसले. रात्री दोनदा उलटी झाली. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक माणसं गेली होती, ते सगळं माझ्या डोळ्यांपुढे येत होतं. रात्रभर मी उशाशी बसून होते. सकाळी त्यांना बरं वाटलं. अळी मात्र चार दिवसांनी होती तिथेच होती.

त्याच आठवड्यात कृषी सहायक मॅडम गावात आल्या. महिलांची शेतीशाळा घ्यायची आहे, एक एकराचा प्लॉट कोण देतं, असं त्यांनी विचारलं. मी हात वर केला. घरी आल्यावर बोलणी बसली. शेवटी ठरलं ते असं : रस्त्याकडचा एक एकर माझा, त्यात मॅडम सांगतील तसं करायचं, आणि उरलेल्या दोन एकरांत मी लक्ष घालायचं नाही.

शेतीशाळा म्हणजे भाषण असेल असं मला वाटलं होतं. पण आम्ही 25 जणी थेट मक्यात उभ्या होतो. मॅडमनी एक रोप वाकवलं, पोंगा म्हणजे शेंड्याच्या पानांची गुंडाळी उलगडली आणि आत दाखवलं. लाकडाच्या भुशासारखी ओली विष्ठा, आणि त्याखाली अळी. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, शेपटाकडे चौकोनात चार काळे ठिपके. ही लष्करी अळी मूळची अमेरिकेतली. 2016 मध्ये ती आफ्रिकेत सापडली आणि 2018 मध्ये कर्नाटकातून भारतात पहिली नोंद झाली. तिचा पतंग एका रात्रीत 100 किलोमीटरपर्यंत उडू शकतो, म्हणजे शेजाऱ्याच्या बांधावर राग काढण्यात काही अर्थ नव्हता.

आमची फवारणी का वाया गेली, तेही तिथेच उमगलं. दिवसा अळी पोंग्यात खोल बसते आणि तिच्याच विष्ठेचा वर बुच बसतो. आम्ही दुपारी वरून पानं भिजवली होती. औषध तिच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं, ते पोहोचलं होतं ह्यांच्या छातीत.

मग मोजणी. कडेच्या चार-पाच ओळी सोडून आत शिरायचं, शेतातून डब्ल्यू अक्षरासारखं वळत जायचं, पाच ठिकाणी थांबायचं आणि प्रत्येक ठिकाणी 20 झाडं बघायची. झाली 100 झाडं. जितकी लागलेली, तितके टक्के. रोप लहान असताना पाच टक्क्यांपर्यंत गेलं तर निंबोळी अर्क किंवा तयार आझाडिरॅक्टिन, म्हणजे कडुनिंबाचंच बाटलीतलं औषध. पोंगा मोठा झाल्यावर 10 ते 20 टक्क्यांना पोहोचलं, तरच रासायनिक औषध. ऐकायला सोपं आहे. पण समोर अळी दिसत असताना, हे चार टक्केच आहे म्हणून हात आवरून घरी यायला छाती लागते. पहिले काही दिवस मला त्याने झोप येत नव्हती.

माझ्या सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही. पहिल्या वर्गाला त्या नातवाला घेऊन नुसत्या बांधावर बसल्या होत्या. पण मोजणीला मी एकटी गेले तेव्हा, "थांब, म्या बी येते," म्हणत पाठोपाठ आल्या. पदरात मक्याचे दाणे घेतले. लागलेलं झाड दिसलं की एक दाणा कमरेच्या पिशवीत. शेवटी दाणे मोजायचे. माझा वहीतला आकडा आणि त्यांचे दाणे जुळले नाहीत, तर चूक बहुतेक माझीच निघायची. पानाच्या खाली चिकटलेला अंड्यांचा पुंजका त्यांना माझ्याआधी दिसतो. त्या पुंजक्यावर राखाडी लव असते, त्यामुळे तो बुरशीसारखा वाटतो आणि माझी नजर त्यावरून सरकून जाते. एका पुंजक्यात शंभर-दोनशे अंडी. तो बोटांत चिरडला की तेवढ्या अळ्या जन्माला यायच्या आतच संपल्या. याला पैसा लागत नाही, आणि निंदताना वाकलेल्या बाईइतकं पानाच्या जवळ दुसरं कुणी नसतं. शेतीशाळा बायकांसाठी घेतली हे म्हणूनच फार योग्य झालं.

पहिल्या मोजणीत सात दाणे आले. त्या वर्षी घरात निंबोळ्या नव्हत्या, हंगाम निघून गेला होता. तयार 1500 पीपीएम तीव्रतेचं आझाडिरॅक्टिन आणलं, 10 लिटरला 50 मिली. संध्याकाळी ऊन उतरल्यावर नोझल पोंग्याकडे धरून मारलं. ह्यांनीच पंप उचलला, पण या वेळी मास्क आणि हातमोजे घालूनच. पुढच्या आठवड्याला चार दाणे.

दुसऱ्या वर्गाला मॅडमनी घरी करायचा प्रयोग दिला. प्लॅस्टिकच्या बरणीत मक्याची पानं आणि दोन अळ्या ठेवायच्या, तोंडाला मलमलचं फडकं बांधायचं. मी ती चुलीजवळच्या फळीवर ठेवली. सकाळी एकच अळी उरली होती. मुलगा रडवेला झाला, सासूबाई बराच वेळ बरणीकडे बघत राहिल्या. पोंग्यात मोठी अळी बहुधा एकटीच का सापडते, ते सांगायची मग गरज पडली नाही. शेजारच्या मावशींनी त्यांच्या बरणीत अळीसोबत कोळी सोडला होता. त्यांची लहान अळी संपली आणि त्या दिवसापासून आमच्या गटात कोळ्याचं जाळं कुणी काठीने काढलं नाही. वर्गात मोठ्या कागदावर मक्याचं झाड काढायचो, एका बाजूला शत्रू, दुसऱ्या बाजूला मित्र : कोळी, ढालकिडे, गांधीलमाशी. माझी चित्रकला शाळेतच सुटली होती, पण ढालकिड्याची अळी काढताना तिचं अंग नीट बघावं लागलं. पूर्वी तिलाही मी कीड समजून मारलेलं आहे, त्याचं आजही वाईट वाटतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पिशवीतून 13 दाणे निघाले. वर्गात दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, एवढं सगळं करून शेवटी विषच मारायचं असेल तर उपयोग काय? मॅडमनी उत्तर दिलं नाही, वही काढायला लावली. त्यात लिहिलेलं होतं की 10 च्या वर गेलं तर मारायचं. औषधावर बंदी आपण कधी घातलीच नव्हती. क्लोरअँट्रानिलिप्रोल हे रासायनिक औषध आणलं, 15 लिटरच्या पंपाला सहा मिली. बाटलीवरचा हिरवा त्रिकोण दुकानात मी स्वतः बघितला. लाल त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा सगळ्यांत कमी. इतकी वर्षं बाटल्या घरात येत होत्या, पण तो रंग आम्हा दोघांपैकी कुणी पाहिला नव्हता. एकच औषध, एकदाच, दुसरं काही न मिसळता.

पोळा झाला आणि झड लागली. मोजायला गेलो तर पोंग्यात अळ्या ताठ होऊन मेलेल्या, अंगावर पांढरी बुरशी, काहींवर हिरवट झाक. सासूबाई घाबरल्या, रोग आला म्हणाल्या. मॅडमना फोटो पाठवला. ती नोमुरिया बुरशी होती, दमट हवेत अळीला लागते, मक्याला तिचा त्रास नसतो. तिची तयार पावडर जैविक औषध म्हणून मिळते, आमच्याकडे ती आपोआप आली होती. तुरा आल्यावर फवारणीचा विषयच संपला. त्या वेळी रासायनिक फवारणी परवडतही नाही, दिसेल ती अळी हाताने वेचायची. माझ्या एकरात शेतीशाळेनंतर दोन फवारण्या झाल्या, त्यातली एक कडुनिंबाची. ह्यांच्या दोन एकरांत चार.

उतारा किती आला ते लोक विचारतात. त्याची तुलना मी करू शकत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी अवकाळी पाऊस आला आणि खळ्यात पडलेल्या कणसांना कोंब फुटले, माझ्या आणि त्यांच्याही. त्या ढिगापुढे आम्ही सगळे गप्प उभे होतो. कीड आवरली म्हणून शेत वाचतंच असं नाही, हे तेव्हा फार लागलं. पण फवारणीचा खर्च आणि ती उलट्यांची रात्र वहीत लिहिलेली होती. पुढच्या पेरणीआधी ह्यांनी वही मागून घेतली, वाचली आणि विचारलं, "कामगंध सापळे तीन एकराला किती लागतील?" मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे ते सापळे. मी सांगितलं, लक्ष ठेवायला एकरी पाच.

त्या जूनमध्ये आम्ही निंबोळ्या वेचल्या. सकाळी देवळामागच्या झाडाखाली सासूबाई, मी आणि गटातल्या सहा जणी. गर काढून, धुऊन, ओसरीत सावलीला वाळवल्या. पाच किलो चुरा रात्रभर पाण्यात भिजवायचा, फडक्यातून गाळायचा, 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून मिसळायचा आणि 100 लिटर करायचं. ओसरीभर तो कडवट वास होता. सासूबाईंनी पोत्याचं तोंड बांधलं आणि दाण्यांची जुनी पिशवी खुंटीवरून काढून झटकली.