'इतर' रकान्यातले विद्यार्थी

जानेवारीच्या शेवटी आमच्या कृषी विद्यालयात मूल्यांकनाचं पत्र येऊन धडकलं. सोबत एक तक्ता: माजी विद्यार्थ्यांची सद्यःस्थिती. रकाने पाच. शासकीय नोकरी, खासगी नोकरी, उच्च शिक्षण, व्यवसाय आणि इतर. दहावी झालेल्या पोरांना दोन वर्षं मराठीतून शेती शिकवणारी आमची शाळा, आणि तक्त्यात शेतीला रकानाच नाही. क्लार्कला दाखवलं तर तो म्हणाला, "शेतीवाले इतरमध्ये टाका सर. बेरीज जुळल्याशी मतलब."

तसा तक्ता करणाऱ्याचाही दोष नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा वर्गातली निम्मी पोरं शेतीवर परत जायच्या बोलीनं आलेली असायची. बापानंच पाठवलेली. आता कृषी पदविका म्हणजे कृषी सेवक आणि ग्रामसेवकाच्या भरतीचा पास. पोरं पहिल्या दिवसापासून जाहिरातीकडे डोळे लावून असतात. पेरणीची पाभर धरायला सांगितली तर हाताला फोड येतात आणि पालकांचा फोन येतो.

जुनं जनरल रजिस्टर काढलं. त्यातले फोन नंबर लागेनात, काही तर शेजारच्या किराणा दुकानाचे लँडलाइन. प्राचार्यांकडून ऑनड्युटीची चिठ्ठी घेतली, पिशवीत तक्ता टाकला आणि सकाळी लवकर मोटरसायकलला किक मारली. मंगळवेढा, मग सांगोला, असा बेत. गावं पाठ होती. त्या भागातली पोरं कायम उशिरा यायची, कारण एसटी एकच.

पहिला मुक्काम तालुक्याच्या गावातलं एक कृषी सेवा केंद्र. औषधांच्या बाटल्यांच्या वर, उदबत्तीच्या काजळीनं तपकिरी झालेल्या काचेत, आमच्याच विद्यालयातून गेलेल्या पोराचं प्रमाणपत्र लटकत होतं. मी विचारलं, हा कुठं आहे? गल्ल्यावरचा माणूस जरा बिचकला. मग म्हणाला, "ते मालक आहेत. बाहेरगावी असतात." बाहेरगाव म्हणजे चाकण. औषध विक्रीच्या परवान्याला शेतकी शिक्षणाचा कागद लागतो, म्हणून कागद दुकानात टांगलेला आणि कागदाचा धनी तिकडं कंपनीत रात्रपाळी करतोय. महिन्याला काही रक्कम त्याच्या खात्यावर पडते. हा प्रकार काही एका दुकानाचा नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. तक्त्याच्या हिशेबानं मात्र हा आमचा सर्वात यशस्वी विद्यार्थी. खासगी नोकरी आणि व्यवसाय, दोन्ही रकान्यांत बसतो.

मंगळवेढ्याच्या शिवारात शिरलो की काळी माती सुरू होते आणि झाडं संपतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी. कणसं भरून पिवळी पडायला लागलेली, माळ्यावर कुणीतरी गोफण घेऊन बसलेलं. इथली मालदांडी ज्वारी जुनी. मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रात स्थानिक ज्वारीतून निवडलेलं 35-1 हे वाण आजही लोक सोडत नाहीत. त्यानंतर किती सुधारित वाणं आली, आम्ही वर्गात त्यांची उत्पन्नं पाठ करून घेतली, पण भाकरीची चव आणि कडब्याची गोडी यात मालदांडीला हात लावणारं कुणी भेटलं नाही, असं म्हातारी माणसं सांगतात. 2016 मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा शाळेत पेढे वाटले होते.

तिथं जी भेटली ती आमच्या सुरुवातीच्या मुलींपैकी. त्या काळी शेतकी शाळेत मुलगी म्हटल्यावर लोक विचारायचे, ही काय औत हाकणार? तिनं हाकलं होतं. पेरणीच्या प्रात्यक्षिकाला दोन चाड्यांची पाभर धरून एका चाड्यात बी, दुसऱ्यात खत अशी मूठ सोडताना तिची ओळ सरळ आली होती आणि मागून येणाऱ्या दोन पोरांची नागमोडी. आता सासरी सहा एकर रान तीच बघते. नवरा ऊसतोडीच्या टोळ्यांचा मुकादम, दिवाळीला जातो तो उन्हाळ्यात येतो.

"सर, बसा. हुरडा संपला, पण राखून ठेवलाय थोडा," ती म्हणाली आणि सासूला हाक मारली, "आत्या, आमचे शाळेचे सर आलेत."

मी ज्वारीत शिरून बघितलं. तण नाही, जमिनीला भेगा नाहीत. कोळपण्या किती झाल्या म्हणून विचारलं.

"तीन. तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्यानं, पाचव्यात पासेच्या, आठव्यात दातेरी," एका दमात म्हणाली आणि हसली. तोंडी परीक्षेत हाच प्रश्न मी तिला विचारला होता म्हणे. मला आठवत नव्हतं. वर म्हणाली, "तिसरीला गडीमाणसं कुचराई करतात. तण न्हाई तर कशाला कोळपायचं म्हणतात. भेगा बुजवायला कोळपायचं असतं, ते कळत न्हाई कुणाला." कोरडवाहू ज्वारीचं सगळं गणित या एका वाक्यात आहे. पाऊस परतून गेलेला असतो, पीक येतं ते जमिनीत साठलेल्या ओलीवर, आणि भेग पडली की ती ओल त्या वाटेनं उडून जाते. वरच्या थरातली माती मोकळी केली की खालची ओल टिकते. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं आमचे जुने शिक्षक सांगायचे.

गोठ्यात उस्मानाबादी शेळ्या होत्या. काळ्याभोर, कान लोंबते, बहुतेकींच्या पुढ्यात दोन-दोन करडं. गावातल्या सगळ्या शेळ्यांच्या लसीकरणाची यादी तिच्याकडे असते. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचून घ्यायची म्हणून मे महिन्यात ती दवाखान्यात फोन करून करून डॉक्टरांना आणते, बर्फाचा डबा आधी भरून ठेवते. हे काम तिला कुणी दिलेलं नाही. त्याचे पैसेही नाहीत.

सातबारा कुणाच्या नावावर, हे मी विचारायला नको होतं, पण तक्त्याच्या मागच्या पानावर 'धारण क्षेत्र' होतं. सासऱ्यांच्या नावावर होता, आता नवऱ्याच्या आणि दिराच्या. शेतकरी संघटनेनं बायकोच्या नावावर जमीन करायची लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली त्याला किती वर्षं झाली! तिनं चहाची कपबशी पुढे केली आणि म्हणाली, "धारण क्षेत्र निरंक लिवा सर. खरं तेच लिवा."

सांगोल्याकडं निघालो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. या तालुक्यात माती बदलते. हलकी, मुरमाड, पाण्याचा निचरा करणारी. डाळिंबाला हीच लागते. 1990 च्या सुमाराला राज्यानं रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली आणि माळावर खड्डे दिसायला लागले. मी ज्याला भेटायला निघालो होतो तो त्याच लाटेतला. 1996 मध्ये पदविका घेऊन गेला आणि त्याच पावसाळ्यात त्यानं गणेश वाणाची गुटी कलमं लावली. गणेश म्हणजे पुण्याच्या गणेशखिंडीत निवडलेलं, मऊ बियांचं डाळिंब. मी वर्गात तेच शिकवत होतो. पुढं राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा भगवा आला, लालभडक, निर्यातीला चालणारा, आणि गणेशला गिऱ्हाईक उरलं नाही. म्हणजे मी शिकवलेलं वाण त्यानं लावलं आणि काही वर्षांत स्वतःच काढून भगवा लावला. यात माझा वाटा काय, असा प्रश्न मला रस्ताभर पडला होता.

तो बांधावर उभाच होता. केस पांढरे, बाकी चाल तीच, डावा खांदा जरा खाली. मला बसवायच्या आधी त्यानं बाग दाखवली. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी धरलेल्या फुलोऱ्याची, फळं नुकतीच उतरवलेली, झाडं थकलेली. दीड एकर भगवा उरलेला. बाकी रान उघडं, त्यात चाऱ्याचं कडवळ आणि थोडी ज्वारी. जिथं बाग होती तिथं ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवल्या होत्या.

एका बाजूला रोगावर फवारायचं बोर्डो मिश्रण चाललं होतं. एक टक्क्याचं: किलोभर मोरचूद, किलोभर चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांत विरघळवून तिसऱ्यात एकदम ओतायचं. त्याच्या पोरानं ओतलं. यानं कमरेचा विळा काढला, त्याचं पातं निळ्या पाण्यात बुडवलं, मनातल्या मनात काहीतरी मोजलं आणि उन्हात धरलं. पात्यावर तांबूस झाक आली होती. "चुना कमी पडला. वाढव," पोराला म्हणाला. पोरानं चुन्याची निवळी घातली. पुन्हा विळा. पातं स्वच्छ. मगच पंपात भरायला सांगितलं. मोरचूद मोकळा राहिला तर पानं करपतात, आणि तो मोकळा आहे का हे लोखंड सांगतं. पोराच्या खिशात लिटमसचा कागद होता. बाप म्हणाला, "कागद भिजतो, संपतो. विळा कंबरेलाच असतो."

घरात गेल्यावर त्यानं कोनाड्यातून वह्यांचा गठ्ठा काढला. सर्वात खालची आमच्या शाळेची. पुठ्ठ्यावर विद्यालयाचं नाव, आत रकाने: दिनांक, पीक, केलेले काम, मजूर, खर्च, शेरा. ही शेतकाम दैनंदिनी पोरांना रोज संध्याकाळी लिहावी लागे आणि आठवड्याला आम्ही सही करत असू. शाळेत या दैनंदिनीइतका कशाचा राग केला गेला नसेल. पोरं शनिवारी रात्री सहा दिवसांचं एकदम लिहायची, एकच पेन, एकच अक्षर. आम्हाला कळायचं, आम्ही सही करायचो.

यानं ती पुढं चालू ठेवली होती. शाळेची वही संपल्यावर शंभरपानी वह्या, त्यांवर पट्टीनं आखलेले तेच सहा रकाने. "सर, शहाण्णवच्या मार्चपासून तपासलेली नाही," म्हणाला आणि जोरात हसला.

मी 2006 ची वही उघडली. त्या सुमाराला तेल्यानं डाळिंबाच्या पट्ट्यात थैमान घातलं होतं. जिवाणूचा रोग. पानावर तेलकट ठिपका, फळावर काळा डाग, मग फळ तडकतं. मी त्याला शिकवलं तेव्हा आमच्या टिपणांत या रोगाला दोन ओळी होत्या, कारण तेव्हा त्याची तेवढीच औकात होती. सोलापूरला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रच 2005 मध्ये आलं. वहीत जुलैच्या मध्यावर लिहिलं होतं:

"ओळ 7, झाड 3. एका फळावर तेलकट डाग. फळ काढून पुरले."

चार दिवसांनी: "ओळ 7, 11 झाडे. ओळ 6 व 8 तपासल्या, आहे."

पुढं: "फवारणी. मजूर 2." त्याखाली त्याच तारखेला: "संध्याकाळी पाऊस. फवारणी वाया."

ऑगस्टमध्ये ओळींचे आकडे बंद होतात. नुसतं "सर्व". पुढच्या मार्चमध्ये एक नोंद: "बाग काढली. जेसीबी 7 तास." खर्चाच्या रकान्यात रक्कम. शेरा कोरा. त्यानंतर रोजच्या रोज, तारीख घालून, "आज काम नाही." एक पान भरून, उलटल्यावर आणखी पान. तारीख मात्र एकही चुकलेली नाही. मग जूनमध्ये "नांगरट", आणि सप्टेंबरच्या शेवटी "पेरणी. ज्वारी, मालदांडी. पाभर शेजाऱ्याची."

मी पानं उलटत होतो तोवर सूनबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, पोळ्या केल्या. तो समोर बसून विळ्याची धार बोटानं बघत होता. ती दोन पानं का लिहिलीस, असं विचारलं. म्हणाला, "सवय लागलेली. न लिहिता झोप यायची न्हाई. आणि खरं सांगू का, ते लिहीत होतो म्हणून दुसरं काय सुचलं न्हाई." त्यावर मी पुढं काही विचारलं नाही. सूनबाई दारातून म्हणाल्या, "रातच्याला वही दिसली की मला बरं वाटायचं."

त्यानं पुन्हा भगवा लावला, अंतर वाढवून. मृग बहारात पाऊस असतो म्हणून काही वर्षं पाऊस ओसरतानाचा हस्त बहार धरला. त्यात पैसा झाला; घर त्याचंच. मग 2021 च्या आसपास खोडात टाचणीएवढी भोकं पाडणारा भुंगेरा आला. सोबत बुरशी, झाड उभं वाळतं. सांगोल्यात बागाच्या बागा त्यानं गेल्या. यावेळी वहीत "आज काम नाही" नव्हतं. बाग काढल्याच्या दुसऱ्या दिवशी "कडवळ पेरले" होतं. दीड एकर वाचली ती का वाचली, हे तो वहीवरून सांगतो: त्या तुकड्यात पाणी कमी दिलं होतं आणि खोडाला गेरूचा लेप वेळेवर झाला होता. ठाम काहीच म्हणत नाही. "दोन्हीपैकी एक असंल," इतकंच. संशोधन केंद्रातली माणसं येऊन या वह्यांचे फोटो काढून घेऊन गेली आहेत.

आमच्याकडून त्यानं नेमकं काय नेलं, याचा हिशेब मी तिथंच जमिनीवर बसून मांडला. वाण बदललं. फवारणीची औषधं बदलली, त्यातली काही आता बंद आहेत. रोग तर आम्ही दोन ओळींपलीकडं शिकवलेच नव्हते. राहिला विळा आणि राहिले सहा रकाने. अभ्यासक्रम नव्यानं करायला घेतला तेव्हा त्यातून दैनंदिनीचे गुण कमी करावेत, असं ज्यांनी सुचवलं त्यांना मी ही वही दाखवणार आहे.

शाळेत परतल्यावर क्लार्कनं तक्ता मागितला. मी शेतीसाठी सहावा रकाना पेनानं आखला होता. तो म्हणाला, "ऑनलाइन भरायचंय सर, रकाना वाढवता येत न्हाई." मग 'इतर'मध्ये आकडा गेला आणि सोबत 'शेरा' म्हणून मी चार पानं जोडली. पीडीएफ चढली. कुणी उघडली का, कल्पना नाही.

सांगोल्यातून निघताना मी त्या वहीवाल्याला माजी विद्यार्थी मेळाव्याला बोलावलं होतं. शाल, श्रीफळ, दोन शब्द. तो नको म्हणाला. मग मी मोटरसायकलला किक मारत असताना हाक मारून थांबवलं. "पोरांना इकडंच आणा सर. पुढच्या महिन्यात छाटणी हाय, माणसं मिळंनात. जेवण माझ्याकडं. कात्र्या आपापल्या आणा म्हणावं, आणि प्रत्येक झाडाला कात्री औषधात बुडवायची, नसंल जमत तर येऊ नका."