तर्जनीचे चौदा टक्के

पिंपरी-भोसरी पट्ट्यातल्या कारखान्यांना आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. वीज वाटून घेण्याच्या जुन्या व्यवस्थेतून आलेला हा वार आहे, अजून चालतो. त्यामुळे आमची, म्हणजे कामगार युनियनची, शिबिरंही गुरुवारीच. 2018 च्या पावसाळ्यात अशाच एका गुरुवारी भोसरीतल्या एका मंगल कार्यालयात, पंगती बसतात त्या हॉलमध्ये, प्रेसशॉपच्या, म्हणजे पत्रा दाबून माल काढणाऱ्या खात्याच्या, कामगारांचं सुरक्षा प्रशिक्षण लावलं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही. गाड्यांचे ब्रॅकेट, क्लॅम्प असला पत्र्याचा माल काढणारी आहे, आणि तसल्या कंपन्या त्या भागात गल्लोगल्ली आहेत.

मी मूळचा टूलरूमचा. डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, बनवणं आणि दुरुस्त करणं यात निम्मं आयुष्य गेलं. पुढे युनियनचं पूर्णवेळ काम धरलं, आणि ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचे, फॉर्म भरता भरता या विषयाकडे वळलो. फॉर्म भरताना माणूस समोर बसलेला असतो आणि सही करायला त्याला वेळ लागतो. का लागतो ते बघितलं की विषय आपोआप लागतो.

कंपन्या सुरक्षेचं शिक्षण देत नाहीत असं मुळीच नाही. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन, पुढे आठवडाभर सप्ताह. शपथ होते, घोषवाक्यांची स्पर्धा होते, पहिल्या नंबराला जेवणाचा डबा मिळतो. सार एवढंच की लक्ष देऊन काम करा, घरी तुमची कोणीतरी वाट बघतंय. या कंपनीच्या गेटवर 'अपघाताविना गेलेले दिवस' असा बोर्ड होता आणि त्यावर चांगला तीन आकडी नंबर होता.

आमची सुरुवात ब्राऊन पेपरने होते. कागद जमिनीवर पसरायचा, एकाला त्यावर उताणं झोपवायचं आणि भोवती मार्कर फिरवायचा. झाला माणूस तयार. मग ज्याला जिथे लागलंय किंवा दुखतंय तिथे त्याने टिकली लावायची. लाल टिकली म्हणजे कापलं, चेंगरलं, तुटलं. काळी म्हणजे दुखणं. हिरवी म्हणजे कान, डोळे, कातडी. यासाठी गोल स्टिकर मिळतात, पण टिकल्यांचं पाकीट स्वस्त पडतं आणि वर हशा पिकतो. त्या दिवशीही पिकला. क्वालिटीला बसणाऱ्या एका ताईंनी विचारलं, "भाऊ, उरलेलं पाकीट घरी नेलं तर चालंल का?" उरणार नाही, असं मी म्हणालो. गंमतीत म्हणालो होतो, पण लाल पाकीट खरंच संपलं.

चहा येईपर्यंत कागद भरला. काळ्या टिकल्या कमरेवर आणि उजव्या खांद्यावर, हिरव्या दोन्ही कानांशी. यात नवल काहीच नाही, कुठल्याही प्रेसशॉपचा कागद असाच दिसतो. लाल टिकल्यांनी मात्र मी थांबलो. त्या हातांवरच असणार हे धरून चाललो होतो. पण जवळजवळ सगळ्या डाव्या हातावर होत्या, आणि डाव्या हाताच्याही पहिल्या दोन बोटांवर. उजवा हात मोकळा. इतकी माणसं, तीन शिफ्टा, वेगवेगळी वयं. बेसावधपणाने बोटं जात असतील तर बेसावधपणाला डावं-उजवं कळतं कसं?

तोवर मागून कोणीतरी गेटवरच्या बोर्डाचा विषय काढला. बोटं तर ही इथे दिसतायत, मग बोर्डावर एवढे दिवस कसे? उत्तर सगळ्यांना माहीत होतं, फक्त मोठ्याने कोणी बोललं नव्हतं. अपघातामुळे कामगार 48 तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर कारखान्याने तो फॅक्टरी इन्स्पेक्टरला कळवायचा, असं तेव्हाच्या कारखाना कायद्याचं कलम 88 सांगायचं. म्हणून टाके घातलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी गाडी पाठवून आणतात आणि स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवतात. हजेरी लागते, पगार मिळतो, चहाही मिळतो. 48 तास भरत नाहीत. एकाने बँडेज बांधलेल्या हाताने तीन दिवस स्टोअरच्या नोंदवहीवर पेपरवेटसारखं बसून काढले होते. तो सांगताना हसत होता.

दुसऱ्या कागदावर खात्याचा नकाशा. आम्ही मोटारवाल्यांना ही रीत मोटारवाल्यांकडूनच आली याचं मला बरं वाटतं. 1960 च्या दशकात इटलीतल्या तुरीनच्या मोटार कामगारांनी काही डॉक्टरांना बरोबर घेऊन आपापल्या खात्यातल्या धोक्यांचे नकाशे काढायला सुरुवात केली. खात्याविषयी सगळ्यात जास्त खात्यातल्या माणसाला कळतं, हा त्यांचा आग्रह होता. आमच्या पोरांनी प्रेसची रांग काढली, पत्र्याचे ढीग, कंप्रेसर, पाणी साचतं तो कोपरा, आणि लाल टिकल्या आता प्रेसवर लावल्या. चारेक इकडे-तिकडे. बाकी सगळ्या पाच नंबरवर.

पाच नंबर ही 63 टनी सी-फ्रेम प्रेस. आणि ऐका, पूर्ण रांगेत टू-हँड बटन असलेली प्रेस तीच. बाकीच्या पायाच्या पेडलवर चालत होत्या. दोन बटनं लांब लांब, दोन्ही एकदम दाबली तरच रॅम, म्हणजे प्रेसचा वरून दाबणारा भाग, खाली येणार; म्हणजे रॅम सुटतो तेव्हा दोन्ही हात बटनावर, बोटं डायच्या बाहेर. कंपनीने ग्राहकाच्या ऑडिटसाठी मुद्दाम बसवून घेतलेली. खात्यात सगळ्यात सुरक्षित मशीन म्हणून ज्याकडे बोट दाखवत, तिथेच बोटं जात होती.

मी फळ्यावर फक्त 'का?' लिहिलं आणि बसलो.

हात डायमध्ये का जातो? जॉब, म्हणजे दाबून निघालेला नग, आत चिकटतो म्हणून. का चिकटतो? जॉब बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टरची स्प्रिंग मेलीय, टूलरूमला सांगून कंटाळलो. चिमट्याने का काढत नाही? चिमट्याने वेळ जातो. बरं, हात जाऊ दे. पण हात आत असताना रॅम येतोच कसा, दोन बटनं आहेत ना?

इथे हॉल गप्प झाला. पंखा तेवढा खडखडत होता. मी पुन्हा टिकल्यांच्या माणसाकडे बघितलं आणि टाळकं ठिकाणावर आलं. उजवा हात बटनावर आहे. डावा रिकामा आहे. म्हणजे डावं बटन दाबून कोणीतरी दुसरंच बसलंय.

"डाव्याला काय लावता?" मी विचारलं.

कोणी बोलेना. पहिल्या रांगेत खात्यातले सगळ्यात जुने ऑपरेटर होते, लातूरकडचे, सगळे त्यांना मामा म्हणायचे. कमिटी मेंबरही होते. त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि एक वस्तू टेबलावर ठेवली. पांढऱ्या नायलॉनची चकती, लेथवर काढलेली, एका बाजूने बटनाच्या खोलगटाला बसेल अशी गोलाई, दुसऱ्या बाजूला घट्ट बसायला बारीक खाच. कडा फाईल मारून मऊ केलेल्या. खरं सांगतो, टूलरूमच्या माणसाला तिचं फिनिशिंग बघून आधी कौतुक वाटलं. इतकं नीट काम डायच्या इजेक्टरवर झालं असतं तर चकतीची गरजच पडली नसती.

"शिफ्ट बदलली की ही पुढच्याच्या हातात देतो," मामा म्हणाले. "माझी एकट्याची न्हाई. पण काढली म्याच."

"का, मामा?"

"नॉर्म हाय चार हजाराचा. दोन्ही बटनं दाबून, चिमटा लावून चार हजार काढून दावा. वर निघंल तवा इन्सेंटिव्ह." नॉर्म म्हणजे काढायच्या नगांचा ठरवून दिलेला आकडा.

मागे नीमची पोरं बसली होती. नीम म्हणजे तेव्हाची शिका आणि कमवा छापाची योजना. पोरं काम प्रेसवर करायची, पण कागदावर कामगार नसायची, ट्रेनी असायची. युनियनची सभासदही नसायची. त्यांना शिबिराला बोलवायचं की नाही यावरच आधी कमिटीत वाद झाला होता. त्यातल्या एकाचं मधलं बोट पेरापासून गेलेलं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "चार हजारावर सही कोणाची आहे, सर?"

सही युनियनची होती. मागच्या करारात नॉर्म वाढवून इन्सेंटिव्ह घेतला होता, आणि त्यावर पेढे वाटले होते.

युनियनचे अध्यक्ष तडकले. हे सुरक्षेचं शिबिर आहे, कराराचं नाही, विषय सोडू नका, असं ते म्हणाले. इन्सेंटिव्हचे महिन्याला दीड-दोन हजार घरात येतात, पोरांच्या फिया त्यावर जातात, ते उद्या बंद झाले तर तुम्ही देणार का? प्रश्न खरा होता आणि मला विचारलेला होता. मला त्यांचा राग आला नाही. पण माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. कंपनीचं प्रशिक्षण ज्या ओळीपाशी थांबतं, ती ओळ नॉर्मची असते. आपणही तिथेच थांबणार असू तर मार्चमधली शपथ पुरेशी आहे, गुरुवार कशाला वाया घालवायचा?

मी फळ्यावर ईएसआयचा हिशोब मांडला. कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक बोटाला टक्के ठरलेले आहेत. अंगठा 30, पूर्ण तर्जनी 14, पूर्ण मधलं बोट 12, अनामिका किंवा करंगळी 7. पगार 15,000 धरू. त्याचे 90 टक्के 13,500. त्याचे 14 टक्के 1,890 रुपये महिना, हयातभर. तर्जनी गेलेल्याला एवढे. एकाने इन्सेंटिव्हच्या स्लिपवरचा आकडा शेजारी लिहायला लावला. मी लिहिला. दोन्ही आकडे बघून कोणी काही बोललं नाही, आणि मीही भाषण केलं नाही. तो नीमचा पोरगा एवढंच म्हणाला, "मला त्यातले किती?" शून्य. ट्रेनी म्हणून त्याची ईएसआयमध्ये नोंदच नव्हती.

जेवणानंतर लोक खऱ्या अर्थाने कामाला लागले. एकाने सुचवलं, सेन्सरचा पडदा मागू, तारेचं कुंपण नको, बटन नको, हात आला की मशीन थांबेल. ऐकायला फार छान. पण पाच नंबरचा क्लच पिनचा होता. पिन क्लचची प्रेस एकदा सुटली की फेरा पुरा केल्याशिवाय थांबत नाही. मध्येच थांबवणारी यंत्रणाच नसते. सेन्सरला हात दिसेल, तो सिग्नल देईल, आणि रॅम खाली येऊनच थांबेल. पडदा चालतो तो हवेवर चालणाऱ्या फ्रिक्शन क्लचच्या प्रेसवर, जिथे ब्रेक मध्येच लागतो. पिन क्लचवर पडदा लावून ऑडिटवाल्यांना खूश करणारे मालक मी पाहिले आहेत. अशा मशीनवर तो नसलेला बरा, कारण त्याच्या भरवशावर माणूस हात घालतो.

मग काय मागायचं? हात आत जायची गरजच संपवायची. इजेक्टर दुरुस्त करा. जॉब उडवायला हवेचा झोत द्या आणि खाली घसरून पडायला चूट. डायभोवती पक्का गार्ड, पत्रा जाईल एवढीच फट ठेवून. बटनं अशी बदला की एक दाबून ठेवलेलं असेल तर पुढचा स्ट्रोक सुटणारच नाही. प्रत्येक स्ट्रोकला दोन्ही सोडून पुन्हा दाबावी लागतील. मग मामांची चकती कितीही सुबक असो, उपयोगाची नाही. हे सगळं आमच्यापैकी दोघांनी तिथेच कागदावर काढलं. त्यात परदेशी काही नव्हतं, भोसरीत संध्याकाळपर्यंत मिळेल असा माल होता.

पत्र कलम 111-अ चा आधार घेऊन लिहिलं. भोपाळनंतर, 1987 च्या दुरुस्तीने हे कलम कारखाना कायद्यात आलं. कामावरच्या आरोग्य आणि सुरक्षेची माहिती मागायचा, कारखान्यात प्रशिक्षण घ्यायचा, आणि सुरक्षा अपुरी असेल तर थेट इन्स्पेक्टरकडे जायचा हक्क ते कामगाराला देत होतं. हॉलमधल्या किती जणांनी ते ऐकलं होतं हे विचारलं तर एक हात वर आला. तोही रात्रीच्या आयटीआयला शिकणाऱ्या पोराचा.

शेवटचा मुद्दा नॉर्मचा. पत्रात घालायचा की नाही यावर पाऊण तास भांडण झालं, आवाज चढले, एक जण निघून गेला. शेवटी मामा म्हणाले, "चकती मी काढली, आता बोललो न्हाई तर पोरं म्हणतील मामानं बोटं खाल्ली." अध्यक्षांनी मुद्दा घातला, पण वेगळ्या पत्रात, पुढच्या मागणीपत्राच्या नावाने.

नंतरचं सांगायचं तर इजेक्टर आठवड्यात बदलला. चूट आणि हवेची नळी दिवाळीच्या आत बसली. बटनं बदलायला फॅक्टरी इन्स्पेक्टरची भेट व्हावी लागली. पुढच्या करारात प्रेसखात्याचा इन्सेंटिव्ह निम्मा पक्क्या भत्त्यात वळवून मिळाला, उरलेला निम्मा नॉर्मला बांधलेलाच राहिला. मामांच्या हातात महिन्याला तीनशेच्या आसपास कमी येऊ लागले आणि ते मला भेटले की दर वेळी ऐकवतात. नीमच्या पोरांना प्रेसवर लावू नये ही मागणी कंपनीने मान्य केली. त्यानंतर ती पोरं हजेरीपटावर 'मटेरियल हँडलिंग' म्हणून लागायला लागली. दुसऱ्या शिफ्टला, सुपरवायझर जेवायला गेला की, प्रेसवर कोण उभं असतं ते पुढच्या शिबिरात पहिल्याच कागदावर निघालं.